वाचकांचे प्रश्न : फ्रँकफर्ट ते लिस्बन, अंतर किती आणि वेळ किती?

उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांकडे युरोपात जाणारे आईवडील आता मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतही आढळतात, त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषयही बदलले आहेत. या वेळची पाच पत्रे योगायोगाने एकाच विषयाची निघाली. लातूरच्या वाचकांनी तिकिटावरचे आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवल्यामुळे आरंभ त्यांच्या पत्राने करतो आणि पुढच्या उत्तरांतही शक्यतो त्यांचाच मार्ग उदाहरणादाखल घेतो.

प्रश्न : आमची मुलगी जर्मनीत फ्रँकफर्टला असते. मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार असून तेथून चार दिवस पोर्तुगालमध्ये लिस्बनला जाण्याचा बेत आहे. तिने पाठवलेल्या तिकिटाप्रमाणे विमान फ्रँकफर्टहून सकाळी ९.१५ ला निघून ११.२० ला लिस्बनला पोहोचते, म्हणजे २ तास ५ मिनिटे लागतात. परतीचे विमान लिस्बनहून १२.१० ला निघून १६.०५ ला फ्रँकफर्टला पोहोचते, म्हणजे ३ तास ५५ मिनिटे. एकाच वाटेवर जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक कसा? जावई म्हणतात की प्रवास तीन तासांचाच आहे. तिकिटात काही चूक आहे काय? (निवृत्त शिक्षक, लातूर)

उत्तर : तिकीट बरोबर आहे आणि जावईबापूंचे म्हणणेही बरोबर आहे. आपली वजाबाकीसुद्धा अंकांपुरती चोख आहे. मेख एवढीच, की ती दोन वेगवेगळ्या घड्याळांमध्ये केलेली आहे. विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. लिस्बनचे घड्याळ फ्रँकफर्टच्या एक तास मागे असते. त्यामुळे जाताना प्रवास एका तासाने आखूड आणि येताना तेवढाच लांब दिसतो.

याची खात्री करून घ्यायची असेल तर आपले मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. मे महिन्यात फ्रँकफर्ट आपल्या साडेतीन तास मागे आणि लिस्बन साडेचार तास मागे असते. फ्रँकफर्टचे सकाळचे ९.१५ म्हणजे आपल्या मनगटावर दुपारचे १२.४५, आणि लिस्बनचे ११.२० म्हणजे आपल्याकडचे ३.५०. मधला वेळ ३ तास ५ मिनिटे. परतीच्या दिवशी लिस्बनचे १२.१० म्हणजे आपले ४.४०, आणि फ्रँकफर्टचे १६.०५ म्हणजे आपले संध्याकाळचे ७.३५, मधला वेळ २ तास ५५ मिनिटे. घड्याळांचा फरक माहीत नसतानाही हिशेब करता येतो. आपण काढलेले दोन आकडे, २ तास ५ मिनिटे आणि ३ तास ५५ मिनिटे, यांची बेरीज बरोबर ६ तास होते आणि तिचे निम्मे ३ तास. एका फेरीत जो तास वजा होतो तोच दुसऱ्या फेरीत जमा होत असल्यामुळे बेरजेत तो उरतच नाही. दोन शहरांमधील जाण्याचे आणि येण्याचे तिकीट हाताशी असेल तर सरासरी प्रवास काढण्याची याहून सोपी रीत मला तरी ठाऊक नाही.

एवढे केल्यावरही जाताना १० मिनिटे जास्त लागतात, त्याचे कारण वारा. युरोपवर साधारणपणे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जेट विमानांचीही उडण्याची उंची जवळपास हीच असते. फ्रँकफर्टहून लिस्बनला जाणे म्हणजे नैर्ऋत्येला जाणे, त्यामुळे वारा काहीसा समोरून आणि काहीसा बाजूने येतो. परतताना तोच पाठीशी असतो. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरदार होतात आणि फरकही वाढतो. अगदी पूर्व-पश्चिम मार्गांवर, उदाहरणार्थ अटलांटिक ओलांडताना, तो तासाभराच्या घरात जातो. आपल्या मार्गावर तो मिनिटांतच राहतो.

आपण शिक्षक असल्यामुळे पुढचा प्रश्न आपल्या मनात येणारच. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १,८७५ किलोमीटर आहे आणि या प्रकारचे विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. मग वरचा पाऊण तास कुठे जातो? तो जमिनीवर आणि जमिनीजवळ जातो. तिकिटावरचा वेळ चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून सुरू होत नाही. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर येऊन थांबते तेव्हा संपतो. फ्रँकफर्टसारख्या मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत पोहोचायलाच पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात, पुढे इतर विमानांची रांग असली तर आणखी. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, मार्ग काटेकोर सरळ नसतो, आणि विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटे राखूनही ठेवतात. विमान दहा मिनिटे आधी पोहोचल्याचे सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा ही राखीव मिनिटेच परत मिळालेली असतात.

अंदाजासाठी मी एक व्यवहारी हिशेब वापरतो : किलोमीटरमधील सरळ अंतराला ८०० ने भागावे आणि आलेल्या वेळात पाऊण तास मिळवावा. आपल्या मार्गासाठी २ तास २० मिनिटे अधिक ४५ मिनिटे, म्हणजे ३ तास ५ मिनिटे. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर आहे. हिशेब २ तास १० मिनिटांचा येतो आणि वेळापत्रकही त्याच सुमाराचे असते. लंडन-पॅरिस जेमतेम ३५० किलोमीटर असूनही सव्वा तासाच्या आसपास वेळ का दाखवतात, हेही यातून कळते. तिथे हवेत सरळ जाण्याचा वेळ अर्ध्या तासाहून कमी आणि बाकीचा खटाटोप जास्त.

प्रश्न : वरच्यासारखाच प्रवास आमच्या भाच्याने केला. त्याने फ्रँकफर्ट-लिस्बन अंतर १,८७५ किलोमीटर सांगितले, मोबाइलवरच्या नकाशाने सुमारे २,३०० दाखवले आणि विमान कंपनीच्या कागदावर १,१६५ असा आकडा होता. खरे अंतर कोणते? शिवाय विमानातल्या पडद्यावर मुंबई ते फ्रँकफर्ट मार्गाची रेघ वाकडी का दिसते? (गृहिणी, परभणी)

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत. १,१६५ हे मैल आहेत आणि त्यांचेच १,८७५ किलोमीटर होतात. याच अंतराला १,०१२ असा आणखी एक आकडा कुठे दिसला तर गोंधळू नये. वैमानिक आणि खलाशी सागरी मैल वापरतात आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. २,३०० किलोमीटर हे रस्त्याचे अंतर आहे.

रस्ता आणि सरळ रेघ यांतला फरक आपल्याला नवा नाही. छत्रपती संभाजीनगर ते लातूर नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर अंतर २१० किलोमीटरच्या आसपास भरते. गाडीने जाताना मात्र ते अडीचशेच्या पुढे जाते, कारण रस्त्याला शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडायची असते, बीड गाठायचे असते, मांजरसुंब्याला बालाघाटाचा डोंगर चढायचा असतो आणि वाटेत केज-अंबाजोगाईलाही भेटायचे असते. फ्रँकफर्टहून निघालेल्या मोटारीपुढे गोदावरीऐवजी ऱ्हाईन आणि बालाघाटाऐवजी फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधली पिरेनीज डोंगरांची रांग येते. ती रांग मोटाररस्ता मधून न ओलांडता अटलांटिककडच्या टोकाने, समुद्रालगत वळसा घालून पार करतो.

रेल्वेचे विचारलेले नाही, पण आमच्या पिढीला या मार्गात एक ओळखीची गोष्ट सापडते म्हणून सांगतो. फ्रँकफर्टहून पॅरिस थेट गाडीने चार तासांच्या आत गाठता येते, परंतु पुढे लिस्बनपर्यंत थेट गाडी नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर पोर्तुगालमध्ये आणि स्पेनच्या जुन्या मार्गांवर १,६६८ मिलिमीटर. स्पेनने १९९२ पासून द्रुतगती गाड्यांसाठी १,४३५ मिलिमीटरचे नवे मार्ग बांधले, पण पोर्तुगालच्या हद्दीत ते पोहोचलेले नाहीत. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या हांदाय गावातून आणि माद्रिदहून लिस्बनला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून हलत-डुलत कुर्डुवाडीला येऊन, तेथे बोचकी डोक्यावर घेऊन मुंबईच्या मोठ्या गाडीकडे धावलेल्या लातूरकरांना रुळांच्या रुंदीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता वाकडी रेघ. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, हे त्याचे एका ओळीतले उत्तर आहे; पण ते वाचून पटत नाही, हाताने करून पाहिल्यावर पटते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे फ्रँकफर्टवर धरून ताणावे. ताणलेला दोरा गोलावर सर्वांत जवळची वाट आपोआप धरतो, आणि तीच वाट सपाट नकाशावर उतरवली की उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरहून थोडे अधिक. फ्रँकफर्ट ते लिस्बन मात्र जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एवढ्या लहान अंतरात कमान डोळ्यांना फारशी जाणवत नाही. प्रत्यक्षात विमाने या दोऱ्याला तंतोतंत धरून जात नाहीत, कारण नेमून दिलेले हवाई मार्ग, वादळे आणि बंद असलेली हवाई हद्द यांमुळे थोडाफार वळसा पडतोच.

तिकीट स्वस्त दिसले तर विमानतळाचे पूर्ण नाव वाचावे, हे जाता जाता सांगणे भाग आहे. फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ गावापासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे आणि लोकल गाडीने पंधरा मिनिटांच्या आत गावात येता येते. ‘फ्रँकफर्ट-हान’ या नावाचा दुसरा विमानतळ मात्र शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. बीडहून संभाजीनगर जेवढे, जवळपास तेवढे. लिस्बनचा विमानतळ याच्या उलट, गावातच असल्यासारखा आहे आणि २०१२ पासून तेथे मेट्रोही पोहोचते.

प्रश्न : नकाशात पाहता फ्रँकफर्टहून लिस्बनला जाताना वाटेत स्पेन लागतो. स्पेनचे घड्याळ जर्मनीप्रमाणेच चालते आणि त्याच्याच शेजारचा पोर्तुगाल मात्र एक तास मागे, हे कसे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबाजोगाई)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण सूर्याला विचारले तर स्पेनने पोर्तुगालच्या बाजूला असायला हवे. पृथ्वी एक रेखांश फिरायला ४ मिनिटे घेते. फ्रँकफर्ट आणि लिस्बन यांच्यात सुमारे १७.८ रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे लिस्बनची खरी दुपार फ्रँकफर्टनंतर ७१ मिनिटांनी होते. तेथे एक तासाचा फरक ठेवणे सयुक्तिक आहे. माद्रिद मात्र ग्रीनिचच्याही पश्चिमेला असून जर्मनीचे घड्याळ पाळते, म्हणून तेथे डोक्यावर सूर्य येईपर्यंत हिवाळ्यात सव्वा वाजतो आणि उन्हाळ्यात सव्वादोन. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने घड्याळे एक तास पुढे केली, ती मागे घ्यायची राहून गेली.

पोर्तुगालनेही हा प्रयोग करून पाहिला आहे. १९९२ मध्ये त्याने मध्य युरोपचे घड्याळ स्वीकारले. परिणाम असा झाला, की जानेवारीत लिस्बनला सूर्य नऊच्या सुमारास उगवू लागला, मुले अंधारात शाळेला जाऊ लागली आणि उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड राहू लागला. १९९६ मध्ये पोर्तुगाल पूर्ववत लंडनच्या वेळेवर आला. आज स्पेनमधील बादाखोझहून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या एल्वासला जाणारा माणूस निघण्याच्या वेळेआधीच पोहोचतो.

भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले असल्यामुळे आपणही थोडे स्पेनसारखे आहोत, पण कमी प्रमाणात : सूर्य माथ्यावर यायला लातूरला सरासरी १२ वाजून २४ मिनिटे होतात आणि संभाजीनगरला २९.

प्रश्न : मुलगा फ्रँकफर्टहून रोज रात्री साडेनऊला फोन करीत असे. दिवाळीनंतर तो साडेदहाला करू लागला. विचारले तर म्हणतो, मी वेळ बदललेली नाही, घड्याळच बदलले. हा काय प्रकार आहे? (एक आई, जालना)

उत्तर : मुलगा खरे बोलतो आहे. तो संध्याकाळी सहाला मोकळा होत असणार आणि आजही सहालाच फोन करीत असणार. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. दिवाळीच्या आसपासच हा दिवस येतो. त्यामुळे जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. ही बदलाबदल युरोपीय संघात सर्वत्र एकाच क्षणी होते, मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असताना. म्हणून फ्रँकफर्ट-लिस्बन फरक बारा महिने एकच तास राहतो, बदलतो तो आपला आणि त्यांचा. ही पद्धत थांबवावी असे युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मत दिले होते, परंतु सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ती चालू आहे. मार्चअखेर आपला फोन पुन्हा साडेनऊला येईल.

प्रश्न : युरोपात विमानाला उशीर झाला तर प्रवाशाला पैसे मिळतात आणि ते अंतरावर ठरतात, असे ऐकले. हे अंतर कोणते धरतात, आणि भारतीय प्रवाशाला तो हक्क आहे काय? (व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम प्रवाशाचे नागरिकत्व पाहत नाही. संघातील विमानतळावरून उड्डाण झालेले असावे, किंवा बाहेरून संघात येणारे विमान युरोपीय कंपनीचे असावे, एवढे तो पाहतो. मुक्कामी पोहोचायला तीन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला आणि तो उशीर कंपनीच्या आवाक्यातील कारणाने झाला, तर भरपाई मिळते. भयंकर हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाने घातलेली बंदी अशा कारणांना ती लागू होत नाही. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, संघाच्या आत त्याहून लांबच्या प्रवासाला ४०० युरो, आणि संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला साधारणतः ६०० युरो, अशी तिची पायरी आहे. या नियमात बदल करण्याची चर्चा युरोपात सुरू असल्याने प्रवासाच्या वेळी चालू तरतूद पाहून घ्यावी.

अंतर धरतात ते वर सांगितलेल्या ताणलेल्या दोऱ्याचे. फ्रँकफर्ट ते माद्रिद रस्त्याने अठराशे किलोमीटरच्या पुढे भरते, पण दोऱ्याने ते सुमारे १,४२० आहे, म्हणून तेथे २५० युरो. लिस्बन १,८७५ असल्यामुळे ४०० युरो. सीमेच्या अल्याड-पल्याड असलेल्या दोन शहरांमध्ये भरपाईत १५० युरोंचा फरक पडतो.

उशीर नेमका कधी मोजायचा, यावरही न्यायालयात वाद झालेला आहे. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारे एक विमान २ तास ५८ मिनिटे उशिरा धावपट्टीवर टेकले आणि ३ तास ३ मिनिटे उशिरा आपल्या जागेवर उभे राहिले. कंपनीचे म्हणणे, चाके टेकली तेव्हा पोहोचलो. प्रवाशाचे म्हणणे, दार बंद असताना मी पोहोचलो कसा? युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये प्रवाशाचा मुद्दा मान्य केला : विमानाचे निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरू देतात, तीच पोहोचण्याची वेळ. प्रवास १,५०० किलोमीटरच्या आतला असल्याने प्रश्न २५० युरोंचाच होता.